ताट लहान करायचं की दिवस मोठा?

डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढ माणसाला दिवसाकाठी किती अन्न लागतं, हा प्रश्न विचारायची वेळ आपल्यावर आली, ही मुळात चांगली गोष्ट आहे. 1983 साली अमेरिकेत अशा व्यक्तींचं आयुर्मान 25 वर्षांच्या आसपास होतं. आता ते 60 च्या घरात पोचलं आहे. हृदयातल्या जन्मजात दोषांवर लहानपणीच शस्त्रक्रिया होऊ लागल्या, संसर्ग आटोक्यात येऊ लागले आणि मुलं संस्थांच्या भिंतीआड न राहता घरात वाढू लागली. आपल्याकडेही तिशी-चाळिशीतले असे लेक-लेकी कार्यशाळेत, देवळात, लग्नकार्यात दिसतात. त्यांच्या वयाबरोबर पालकांच्या काळज्याही बदलल्या. बाळ नीट दूध ओढत नाही, ही काळजी मागे पडली. आता वजन वाढतंय, जिना चढताना दम लागतो, गुडघे दुखतात, ही काळजी आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली भारतीयांच्या ऊर्जेच्या गरजेचे आकडे सुधारून दिले. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110 किलोकॅलरी, स्त्रीला 1660. त्या तक्त्यात डाऊन सिंड्रोम असलेल्यांसाठी वेगळी ओळ नाही. मग त्यांचा अंदाज बांधायचा कसा? यावर दोन बाजू ऐकू येतात. एक म्हणते, आकड्याशिवाय सगळा कारभार भीतीवर आणि दयेवर चालतो. दुसरी म्हणते, हे आकडे दुसऱ्यांच्या शरीरांचे आहेत, ते आमच्या मुलांना लावू नका. त्या दोन्ही बाजू इथे समोरासमोर आणल्या आहेत. आई आणि आहारतज्ज्ञ ही पात्रं प्रातिनिधिक आहेत. बोलणं चाललं आहे ते 32 वर्षांच्या मुलाबद्दल. त्याची उंची 152 सेंटीमीटर, वजन 62 किलो. तो रोज संरक्षित कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला जातो.

आई: मला एक सांग, तुझ्या त्या सूत्रात त्याचं एकविसावं जास्तीचं गुणसूत्र कुठे धरलंयस? वजन घातलंस, उंची घातलीस, वय घातलंस. मग तो आणि त्याच्याच वयाचा, त्याच्याच उंचीचा शेजारचा मुलगा यांच्यात काही फरकच उरला नाही.

आहारतज्ज्ञ: सूत्रात ते धरलेलं नाही, काकू. ही सूत्रं ज्यांच्यावरून बसवली, ती माणसं वेगळी होती. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी 1919 साली अमेरिकेत 136 पुरुष आणि 103 स्त्रियांवरून सूत्र काढलं. मी वापरते ते मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र 1990 सालचं, 498 निरोगी लोकांवरून काढलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1985 च्या सूत्रामागच्या नोंदींपैकी तर जवळपास निम्म्या इटालियन लोकांच्या होत्या. ते सूत्र भारतीयांचा खर्च जास्त दाखवतं, म्हणून आपल्याकडच्या तज्ज्ञांनी त्यातून पाच टक्के कमी केले.

आई: म्हणजे ते आपल्यालाच परकं. मग माझ्या मुलाला तर दुप्पट परकं झालं.

आहारतज्ज्ञ: परकं आहे, पण म्हणून टाकाऊ नाही. तो दिवसभर नुसता पडून राहिला तरी श्वास, हृदय, मेंदू, शरीराची ऊब यांवर काही खर्च होणारच. तो विश्रांतीतला खर्च. मिफ्लिनच्या सूत्राने त्याचा हा खर्च 1415 किलोकॅलरी येतो. जागतिक संघटनेच्या सूत्राने 1598. भारतीयांसाठी सुधारलेल्या सूत्राने साधारण 1510.

आई: एकाच मुलाचे तीन आकडे! सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा यांत 180 कॅलरींचा फरक आहे. एका भाकरीहून जास्तच झाला की.

आहारतज्ज्ञ: हो, 40 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी धरली तर तिच्यात 135-140 कॅलरी असतात. सूत्र एवढं चुकू शकतं, हे मी कबूल करते. म्हणूनच मी सगळ्यात लहान आकड्यापासून सुरुवात करते आणि पुढे तो तपासत जाते. पण आकडाच नसेल तर काय होतं तेही बघा. तुम्ही त्याला दुपारी एकच भाकरी देता. ते कशावरून ठरलं?

आई: सगळ्यांनी सांगितलं म्हणून. तो पाच वर्षांचा होता तेव्हापासून ऐकतेय, या मुलांचं चयापचय मंद असतं, यांना निम्मंच द्यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, शाळेत सांगितलं, दुसऱ्या पालकांनीही सांगितलं.

आहारतज्ज्ञ: लहान मुलांबद्दल त्यात तथ्य आहे. 1994 साली अमेरिकेत वयात न आलेल्या मुलांवर अभ्यास झाला, त्यात डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा विश्रांतीतला खर्च इतर मुलांपेक्षा कमी आढळला. पण ते निष्कर्ष आपण मोठ्यांनाही लावत राहिलो. 2005 साली बो फर्नहॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांवर मोजमाप केलं. शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांचा विश्रांतीतला खर्च इतरांपेक्षा कमी निघाला नाही.

आई: मग माझ्या मुलाचं वजन का वाढतं? मी त्याला जास्त देत नाही. कार्यशाळेतली निम्मीअधिक मुलं जाड आहेत. सगळ्या आया खोटं बोलतात का?

आहारतज्ज्ञ: कुणीही खोटं बोलत नाही. राष्ट्रीय तक्त्यातला पुरुष 177 सेंटीमीटर उंच आणि 65 किलो वजनाचा आहे. तुमचा मुलगा त्याच्यापेक्षा 25 सेंटीमीटरने बुटका. शरीर लहान, म्हणून गरज लहान. त्यात शरीराची काही खोट नाही. पण घरात ताट वाढलं जातं ते वडिलांच्या, भावाच्या मापाने. दुसरं कारण हालचालीचं. स्नायू जन्मतः ढिले, सांधे सैल, हृदय कमकुवत असलं तर आणखी भर. त्यामुळे लहानपणापासून धावणं-खेळणं कमीच होतं. आणि तिसरं कारण, काकू, ताटाबाहेरचं खाणं. महिन्याला तेल किती आणता?

आई: तीन लिटर. आम्ही तिघंच आहोत. पण तळण मी महिन्यातून एकदाच करते.

आहारतज्ज्ञ: तीन लिटर तिघांत वाटले तर माणशी रोज 33 मिलिलिटर. म्हणजे साधारण 270 कॅलरी नुसत्या तेलाच्या. तळण न करताही. फोडणी, भाजी, चटणीवर सोडलेलं तेल, पोह्यांवरचं तेल. तुम्ही भाकरी मोजता, पण भाजीतलं तेल कुणीच मोजत नाही.

आई: तेलाचं मी मान्य करते. पण एक गोष्ट तुझ्या वहीत येणार नाही. तो सोसायटीत खाली उतरला की जिन्यावरच्या काकू त्याच्या हातात लाडू देतात. किराणावाला गोळ्या देतो. लग्नात वाढपी त्याच्या पानात दोन जिलब्या जास्त टाकतो. बिचारा म्हणतात आणि देतात. मी नको म्हटलं की मलाच कठोर समजतात.

आहारतज्ज्ञ: शाळेतही तेच चालतं. ओळ नीट काढली की चॉकलेट, शांत बसला की बिस्किट. वीस वर्षं खाणं हेच बक्षीस मिळालं, तर तिशीत तो खाण्यातच आनंद शोधणार. हा सवयीचा भाग आहे, गुणसूत्राचा नाही. म्हणून मी आकडा मागते. आकडा असला की 'बिचारा' म्हणून हातात दिलेल्या खाऊचं मोल कळतं.

आई: ठीक आहे, आकडा हवा. पण तू त्याला 1.5 ने गुणलंस, ते कशासाठी?

आहारतज्ज्ञ: विश्रांतीतल्या खर्चावर उठणं, बसणं, काम, चालणं यांचा खर्च चढवावा लागतो. त्यासाठी हालचालीचा गुणक असतो. बैठं किंवा हलकं काम करणाऱ्यांसाठी जागतिक तज्ज्ञ समितीने तो 1.40 ते 1.69 धरला आहे. मी मधला घेतला.

आई: इथे तू चुकतेस. त्याचा दिवस मी सांगते तुला. सकाळी साडेसातला उठतो. आंघोळीला पाणी मी काढून देते, कपडे मी काढून ठेवते. कार्यशाळेची गाडी दारात येते. दहा ते चार खुर्चीवर बसून पिशव्या. पाणी ताई आणून देतात, कारण त्याच्या हातून सांडतं. परत गाडी, परत दार. संध्याकाळी टीव्ही, मोबाईलवर गाणी. नऊला झोप. ऑफिसातला माणूससुद्धा बसस्टॉपपर्यंत चालतो, रांगेत उभा राहतो, घरी येताना भाजी आणतो. याच्या वाट्याला तेवढंही येत नाही. तुझ्या तक्त्यातला हलकं काम करणारा माणूस माझ्या मुलापेक्षा जास्त हलतो.

आहारतज्ज्ञ: हे मला सूत्रातून कधीच कळलं नसतं. तर मग 1.3 धरू. 1415 ला 1.5 ने गुणलं तर 2120 येतात, 1.3 ने गुणलं तर 1840. म्हणजे 280 कॅलरींचा फरक. सूत्रासूत्रांत 180 चा फरक होता, गुणकाने त्याहून मोठा पडला. गुणसूत्राविषयीच्या शंकेपेक्षा त्याच्या दिवसाची खरी माहिती जास्त महत्त्वाची ठरली, आणि ती फक्त तुमच्याजवळ होती.

आई: आणि राष्ट्रीय तक्त्यातले 2110 दिले असते तर रोज 270 जास्त.

आहारतज्ज्ञ: बरोबर. पण 1840 हाही अंदाजच आहे. त्याचं चालणंही सरळ नसतं. पावलं रुंद टाकतो, डुलत चालतो, तोल सांभाळण्यात ताकद जाते. डाऊन सिंड्रोम असलेल्या लोकांना त्याच वेगाने चालायला इतरांपेक्षा जास्त ऊर्जा लागते, असं मोजमापांतून दिसलं आहे. म्हणजे तो कमी चालतो, पण चालतो तेव्हा खर्च जास्त करतो. हाताच्या घड्याळातल्या कॅलरी त्याच्यासाठी खऱ्या मानू नका.

आई: त्याच्या मामाने त्याला घड्याळ दिलंय. ते सारखं सांगतं, ठोके अजून वाढवा.

आहारतज्ज्ञ: ते तर बंदच करा. 220 मधून वय वजा करून कमाल ठोके काढायचा जो हिशेब आहे, तो त्याला लागू नाही. डाऊन सिंड्रोममध्ये हृदयाचे कमाल ठोके समवयस्कांपेक्षा 25 ते 30 ने कमी राहतात. त्या हिशेबाने 188 च्या मागे लावलं तर तो बिचारा थकेल आणि आपण त्याला आळशी म्हणू. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा दम लागला की पुरे.

आई: मग आता सरळ सांग. फोनवर एक आहार आलाय, 1200 कॅलरींचा. तो सुरू करते. तीन महिन्यांत वजन उतरेल.

आहारतज्ज्ञ: ते मी होऊ देणार नाही. 1200 हा आकडा त्याच्या विश्रांतीतल्या खर्चापेक्षाही कमी आहे. एवढ्या कमी अन्नात प्रथिनं, कॅल्शियम, लोह पुरेसं बसवणं फार अवघड. 62 किलोला किमान 51 ग्रॅम प्रथिनं हवीत. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही उतरतील. त्याचे स्नायू आधीच कमी आणि ढिले आहेत. ते गेले की विश्रांतीतला खर्च खरोखरच खाली येईल. आणि भुकेला तो काय करेल?

आई: करतोच. रात्री उठून डबे उघडतो. फ्रिजला कुलूप लावायची वेळ आलीय.

आहारतज्ज्ञ: आपण त्याला उपाशी ठेवलं आणि मग त्याला चोर ठरवलं. ताट फार लहान करू नका, काकू. त्याचा दिवस मोठा करा.

आई: हे बोलायला सोपं आहे. मी 63 वर्षांची. माझेच गुडघे दुखतात. फूटपाथवर दुकानं आणि गाड्या. तो रस्ता एकटा ओलांडत नाही. बागेत नेलं तर मुलं बोट दाखवतात. त्याचे वडील रोज संध्याकाळी साडेसातला घरी येतात. कोण नेणार त्याला चालायला? तुम्ही सगळे व्यायाम सांगता, माणूस कुणी देत नाही.

आहारतज्ज्ञ: तुमचं म्हणणं योग्य आहे. म्हणून मी तुमच्या एकटीच्या अंगावर ते टाकणार नाही. आधी थोडा हिशेब बघा. त्याचं वजन गेल्या वर्षात किती वाढलं?

आई: दोन किलो.

आहारतज्ज्ञ: एक किलो चरबीत ढोबळमानाने 7700 कॅलरी साठतात. दोन किलोचे 15,400. वर्षाच्या दिवसांनी भागलं तर रोजचे सुमारे 42. म्हणजे एका भाकरीचा तिसरा हिस्सा. त्याच्या वजनाला अर्धा तास साधं चालल्याने बसून राहण्यापेक्षा साधारण 60 कॅलरी जास्त जातात. त्याची दरवर्षीची वाढ थांबवायला एवढं पुरतं. उपाशी ठेवायची गरजच नाही.

आई: एवढंसंच? मी तर समजत होते तो खूप जास्त खातो.

आहारतज्ज्ञ: रोज थोडंसं, पण वर्षानुवर्षं. म्हणून चालणं एकाच फेरीत व्हायला हवं असंही नाही. गाडी एक चौक अलीकडे थांबवायला सांगा. आंघोळीचं पाणी तोच काढेल, सांडलं तर पुसेल. कपडे वाळत घालेल, भाकरीसाठी पीठ मळेल. कार्यशाळेत दर तासाला सगळ्यांनी उठून दहा वेळा खुर्चीवरून उठबस करायची. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या सूचनांत अपंगत्व असलेल्या प्रौढांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. पण शीर्षासन, कोलांटी, मान जोरात मागे टाकायची आसनं नकोत. यांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही जणांत सैल असतो. हालचाल वाढवण्याआधी डॉक्टरांना मान आणि हृदय दाखवून घ्या.

आई: आणि डॉक्टर म्हणतील वजन कमी करा.

आहारतज्ज्ञ: म्हणतील. पण तुम्ही थायरॉईडची टीएसएच चाचणी मागा. 2020 साली अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांसाठी वैद्यकीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत 21 व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी थायरॉईड तपासायला सांगितलंय. तिशीपासून दर तीन वर्षांनी साखर. थायरॉईड मंदावलं तर विश्रांतीतला खर्च खरोखर उतरतो, मग सूत्रही चुकतं आणि आई उगाच दोषी ठरते. त्याचं घोरणं कसं आहे?

आई: घर हलतं. मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो, मग दचकून उठतो.

आहारतज्ज्ञ: म्हणजे झोपेची तपासणी हवीच. यांच्या चेहऱ्याचा मधला भाग लहान, जीभ मोठी वाटते, घशाचे स्नायू सैल. रात्रभर श्वास अडला तर सकाळी तो गळून गेलेला असतो, मग हलणार कसा? आपण सुस्त म्हणतो, तो खरं तर झोपलेलाच नसतो. एवढ्या तपासण्या झाल्या की मगच आहाराचा हिशेब खरा होतो.

आई: आणि वजन उतरलं तर? आमच्या कार्यशाळेत एक ताई आहेत, पन्नाशीच्या. वर्षभरात दहा किलो उतरल्या. सगळे म्हणाले, बरं झालं.

आहारतज्ज्ञ: चाळिशीनंतर प्रयत्न न करता वजन उतरणं ही कधीच आनंदाची बातमी नसते. अल्झायमरशी जोडलेलं अमायलॉइड ज्या प्रथिनापासून बनतं, त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे. म्हणून या लोकांना स्मृतिभ्रंश फार लवकर गाठतो, आणि वजन उतरणं हे त्याचं एक लक्षण असू शकतं. पण तेवढंच कारण नसतं. दात दुखत असतील, गिळताना अडकत असेल, गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडवणारा सिलिअ‍ॅक आजार असेल, थायरॉईड वाढलं असेल, मन उदास असेल. ताईंना लगेच दाखवायला सांगा.

आई: आज संध्याकाळीच सांगते. पण मूळ प्रश्नावर ये. 1840 द्यायचे की नाही?

आहारतज्ज्ञ: आधी एक महिना त्याला जसं देताय तसंच द्या, काहीही बदलू नका. रोज दिवसभरात काय खाल्लं ते वहीत लिहा. तेल, साखर, जिन्यावरचा लाडू, कार्यशाळेतला चहा, सगळं. दर रविवारी त्याच वेळी, त्याच काट्यावर, उठल्यावर शौचाला जाऊन आल्यावर वजन. कमरेचा घेर महिन्यातून एकदा. महिनाभर वजन स्थिर राहिलं तर त्या महिन्याचं सरासरी खाणं हीच त्याची गरज. ती 1700 असो किंवा 2000. मग सूत्राने काय सांगितलं याला फारसं महत्त्व नाही.

आई: म्हणजे शेवटी माझी वहीच खरी. तुझी सूत्रं कशाला?

आहारतज्ज्ञ: तुमची वही खोटी पडते तेव्हा ती ओळखायला. वहीत 1300 निघाले आणि वजन स्थिर राहिलं, तर सूत्र मला सांगतं की वहीत काहीतरी राहिलं आहे. माणूस खाणं लिहितो तेव्हा ते कमीच लिहितो, हे जगभर सगळ्यांच्या बाबतीत दिसलंय. वही सूत्राला तपासते, सूत्र वहीला, आणि काटा दोघांना.

आई: एवढं तपासून मग काय करायचं?

आहारतज्ज्ञ: निघालेल्या आकड्यातून शंभर-दीडशे कमी करायचे, तेही तेल, साखर आणि बक्षिसाच्या खाण्यातून. भाकरी, डाळ, अंडं, मासे, ताक, भाज्या यांना हात लावायचा नाही. उरलेलं काम हालचालीवर. आणि एक गोष्ट, काकू. पुढच्या वेळी त्यालाही घेऊन या. आज आपण दोघीच त्याच्या पोटाचा हिशेब करत बसलो.

आई: त्याला कॅलरी काय कळणार? दोनापुढे हिशेब येत नाही त्याला.

आहारतज्ज्ञ: कॅलरी मलाही दिसत नाहीत. त्याला ताट दिसतं. ताटाचे भाग करून दाखवू, निम्म्यात भाजी-कोशिंबीर, उरलेल्यात भाकरी आणि डाळ. लाडू हवा की संध्याकाळी आइसक्रीम, यातलं एक त्याने निवडायचं. तो 32 वर्षांचा आहे. त्याच्या गावच्या सगळ्या प्रौढांना काय खायचं ते ठरवता येतं, त्याला एवढं तरी ठरवू द्या.

आई: आणि त्याने रोज दोन लाडू निवडले तर?

आहारतज्ज्ञ: एकदा निवडेल. मग आपण त्याच्याशी बोलू. कुलूप लावलेल्या फ्रिजने तो काही शिकणार नाही.

आई: मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. त्याला मधुमेह झाला तर इन्सुलिन मीच देणार आहे, तू नाही. पण त्याला घेऊन येईन. आणि वही आजपासून लिहीन.

दोघींचं एकमत झालं नाही, आणि होणंही गरजेचं नाही. आईची शंका योग्य आहे. सूत्रं दुसऱ्यांच्या शरीरांवरून बसवलेली आहेत आणि एकेका माणसाच्या बाबतीत ती शे-दीडशे कॅलरींनी सहज चुकतात. आहारतज्ज्ञाचा आग्रहही योग्य आहे. आकडा नसला की ताट भीतीने लहान होतं आणि दयेने मोठं होतं. पण या सगळ्या बोलण्यातून एक गोष्ट ठाम निघते. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढ माणसाचं चयापचय मंद असतं, म्हणून त्याला निम्मं द्यावं, या समजुतीला प्रौढांवरच्या अभ्यासांचा आधार नाही. त्याची गरज कमी असते ती शरीर लहान असल्यामुळे आणि दिवस बसून जात असल्यामुळे. यातलं शरीर आपण बदलू शकत नाही. दिवस बदलू शकतो.

म्हणून क्रम असा हवा. आधी थायरॉईड, झोपेतला श्वास, साखर, दात, गिळणं आणि आतडं यांची तपासणी. मग सूत्राने सुरुवातीचा आकडा, आणि त्यावरचा गुणक माणसाचा दिवस जवळून बघून. मग महिनाभर वही आणि काटा. मग तेल, साखर आणि बक्षीस यांतून छोटी कपात, आणि रोजच्या हालचालीत भर. हे सगळं त्या माणसाला विचारून, त्याला निवड देऊन.

हे काम एकट्या आईवर टाकून चालणार नाही. विशेष शाळांनी आणि कार्यशाळांनी खाऊचं बक्षीस बंद करावं आणि वेळापत्रकात रोज अर्धा तास हालचालीला द्यावा. वसाहतीतल्या बागांमध्ये या तरुणांना सहज जाता यावं, त्यासाठी त्यांच्याबरोबर चालायला शेजाऱ्यांपैकी कुणी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी पुष्कळ आहे. आणि वाचकहो, तुमच्या इमारतीत, नात्यात, ओळखीत असा कुणी असेल तर त्याच्या हातात लाडू ठेवू नका. त्याच्या आईला विचारा, त्याला विचारा, आणि त्याच्याबरोबर अर्धा तास चाला.